लाल आभाळाखालचे मालक

आमचे घरमालक सकाळी उठून आभाळ बघत नसत, मोबाइल बघत. पिंपरीजवळ कासारवाडीत रेल्वेच्या रुळांपासून दोन गल्ल्या आत त्यांचं घर. खाली आम्हा भाडेकरूंच्या खोल्या, वर ते एकटे, आणि त्यांच्याही वर गच्चीवर पत्र्याची शेड. दात घासता घासता ते कठड्याशी येत, ब्रश तोंडात, मोबाइल हात लांब करून धरलेला, आणि खाली नळावर जे कोणी असेल त्याला ओरडून सांगत, "लाल!"

नव्या भाडेकरूला वाटायचं, आज पाणी लाल येणार. बिचारा बादली झाकून ठेवायचा. मग कोणीतरी समजावायचं, की सरकारचा एक नकाशा असतो, ड्रोन कुठे उडवायचा आणि कुठे नाही ते त्यात रंगवलेलं असतं. हिरवं म्हणजे उडवा, पिवळं म्हणजे विचारून उडवा, लाल म्हणजे नावच काढू नका. एका अंगाला विमानतळ, दुसऱ्या अंगाला दिघीची लष्कराची जागा, मध्ये आमची गल्ली. ती हिरवी व्हायची म्हणजे म्हशीला पंख फुटायचे. हे मालकांना आमच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. तरी एक सकाळ चुकली नाही. मी एकदा विचारलं, "मालक, रोज तेच तर असतंय. बघता कामून?"

"आगं, रंग भरनारा बी मानूसच हाय ना. एखाद्या दिवशी इसरला तर?"

आणि हा माणूस ड्रोन बनवायचा. जिथे कागदाचं विमान उडवतानाही आजूबाजूला बघावं, तिथे बसून. "आज्याची जमीन सरकारात गेली," ते म्हणायचे, "तवा आज्या म्हनला, जाऊ दे, वरचं आभाळ तर हाय. आता त्येबी गेलं. आज्या न्हाई ते बरंय."

भाडेकरूंची नावं त्यांनी कधी लक्षात ठेवली नाहीत. जिल्हे ठेवले. "ए बीड, मोटर बंद कर." "जळगाव, तुझ्या खोलीतून कसला वास येतोय?" मी हिंगोली. माझा नवराही हिंगोलीच, म्हणून तो मोठं हिंगोली. सुरुवातीला राग यायचा. पुढे पुढे, गावापासून इतक्या लांब कोणीतरी आपल्या जिल्ह्याचं नाव असं मोठ्याने घेतं, याचं बरं वाटायला लागलं. गावाकडच्या माणसांना मी आठवत होते की नाही कोण जाणे, गच्चीवरून मात्र हिंगोली रोज गाजत होती.

दुसरी खोड पंख्याची. कुणाच्याही खोलीत शिरले की आधी भिंतीवरचं बटण दाबून पंखा बंद. मग बोलणं. ऐन मे महिन्यात भिंतीची ओल बघायला आले, तरी आधी पंखा बंद. बीडवाली घाम पुसत म्हणाली, "मालक, जीव जातोय की हो." तर म्हणाले, "वाऱ्यात कुठल्याच गोष्टीची परीक्षा व्हत न्हाई. ओलीची बी न्हाई आन मानसाची बी न्हाई." ड्रोनवाल्याला बंद जागेतला वारा नकोच असतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा वाटलं, विजेचं बिल वाचवतायत.

मी त्यांच्या हाताखाली गेले ती एका तारेमुळे. मी चाकणला वायर हार्नेसच्या कंपनीत होते. गाडीच्या आत ज्या वायरींच्या जुड्या असतात त्या बांधायचं काम. तिथे कॉन्ट्रॅक्टवाल्यांना अधूनमधून 'ब्रेक' देतात. ब्रेक म्हणजे घरी बसा, बोलावलं तर या. मला तेव्हा तो मिळालेला होता आणि बोलावणं येत नव्हतं. माझी शाळा आठवीत सुटलेली. गावातली शाळा तिथेच संपत होती, पुढची नदीपलीकडे होती, आणि घरात मोठी मुलगी मीच होते. तेव्हापासून कोणी कागद मागितला, नुसतं "शिक्षण?" असं विचारलं, तरी मी मागच्या मागे सरकते. तर त्या रिकाम्या दिवसांत अंगणातली कपडे वाळत घालायची तार तुटली आणि मी ती जोडली. हाताला जी सवय होती तसंच पीळ देऊन, वरून टेप ओढून.

संध्याकाळी गच्चीवरून गर्जना. "ही तार कुनी जोडली?"

ते खाली उतरले, एकेका दाराशी जाऊन विचारायला लागले. मी ओट्याखाली सरकून बसले होते. नवरा शिफ्टला गेलेला. मनात खोली खाली करायची तयारीसुद्धा झाली. कुठली भांडी आधी भरायची इथपर्यंत. ते दारात आले, पंखा बंद केला, आणि वाकून ओट्याखाली बघत म्हणाले, "हिंगोली, तू का?"

"मालक, चुकलं असंल तर नवी आणून देते."

"नवी? खुळी हायेस का. आमच्या टूलरूमात साहेबानं सुदिक असा जोड दिला नसता. वर ये."

वर गेले. शेडमध्ये भिंतीला खिळ्यांवर तुटके पंखे टांगलेले, पोरींच्या बांगड्या टांगाव्यात तसे. मध्ये लांब टेबल. ते पिंपरीतल्या एका कंपनीच्या टूलरूममधून, म्हणजे साचे-अवजारं बनवायच्या खात्यातून, निवृत्त झालेले, आणि तरुणपणापासून लाकडाची, मग थर्माकोलची विमानं करायचा नाद. बायको गेली, मुलगी लग्न होऊन साताऱ्याला, आणि नाद विमानावरून ड्रोनवर आला. लग्नाचं शूटिंग करणारे, जमिनी मोजणारे, शेतात फवारणी करणारे लोक मोडके ड्रोन आणून द्यायचे. त्यांनी एकाचं पोट उघडून माझ्यापुढे ठेवलं. आत वायरींचा गुंता. मला हसू आलं. आयुष्यात पहिल्यांदा कुठल्यातरी नव्या वस्तूच्या आत बघितलं आणि भीती वाटली नाही.

त्यांनी मला वायरीला सोल्डरिंगचा डाग द्यायला शिकवलं, मोटारी बसवायला शिकवलं. शिकवायची रीत कडू. चुकलं की बोलत नसत, ती वस्तू उचलून कचऱ्याच्या डब्यात टाकत आणि आपण ती डब्यातून काढून पुन्हा करायची. पण जमलं की गच्चीवरून सगळ्या गल्लीला सांगत, "आज हिंगोलीनं केलंय!" मी लाजून चूर व्हायची. दोनदा जेवल्यासारखं वाटायचं.

त्यांचे तीन नेम होते. पहिला, पंखे शेवटी. सगळं जोडून, सगळं तपासून झाल्याशिवाय ड्रोनला पंखे लावायचे नाहीत. त्यांच्या डाव्या तर्जनीचं टोक नव्हतं. मी एकदा धीर करून विचारलं, तर म्हणाले, "कावळ्यानं नेलं. पंखे आदी लावल्यावर दुसरं काय व्हनार?" दुसरा, दावं. नवा ड्रोन पहिल्यांदा उठणार तो दोरीला बांधून. दोरीचं दुसरं टोक लेथ मशीनचा एक जुना, जड लोखंडी चक जमिनीवर ठेवलेला असायचा, त्याला. शेडमध्ये ड्रोन गुरगुरत वर उठायचा, दोरीला हिसडा द्यायचा, आणि वासरासारखा तिथल्या तिथे फिरायचा. तिसरा नेम, फेरा. ड्रोनला दिशा कळायला आत होकायंत्र असतं. त्याची घडी बसवायला ड्रोन हातात आडवा धरून स्वतःभोवती एक गिरकी घ्यायची, मग नाक खाली करून आणखी एक. कोणीही पटकन करतं. मालक डोळे मिटून, ड्रोन छातीशी धरून, सावकाश करायचे. ओठ हलायचे. मला वाटायचं, देवाचं नाव घेतात. एकदा जवळून ऐकलं तर आजवर आपल्या हातून पडलेल्या ड्रोनची उजळणी चाललेली. "इंद्रायणीत गेला तो. बाभळीवरला. सासवडच्या लग्नातला, नवरदेवाच्या फेट्यावर पडला तो."

खरं उडवायचं असलं की आम्ही चाकणच्याही पुढे, खेडच्या बाजूच्या एका माळावर जायचो. नकाशात तिथे हिरवं. ते स्कूटरवर पुढे, मी मागे, मांडीवर डबा, डब्यात तळहाताएवढा ड्रोन. एवढ्या लहानाला परवाना लागत नाही. मोठ्याला लागतो, आणि परवान्याला दहावी लागते. पासष्टच्या पुढे तो मिळतही नाही. मालकांनी हे सांगितलं तेव्हा माझं तोंड पडलं. ते हसले. "तुजी इयत्ता कमी, माजं वय जास्त. दोघं बी बाद. बादवाल्यांनी खेळायचं ते छोट्यानंच." मग म्हणाले, "तू दहावी कर. सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. गनित मी घेतो." आणि खरंच पुस्तकं आणली. गणित त्यांनी दोन संध्याकाळी घेतलं. तिसऱ्या संध्याकाळी कोणाचा तरी मोडका ड्रोन आला. पुस्तकं त्या ड्रोनखाली गेली आणि वर आली नाहीत. मी आठवण केली नाही. फुकट शिकवणाऱ्याला आठवण कशी करायची?

त्या माळावर त्यांनी मला पहिल्यांदा गॉगल घातला. त्यात ड्रोनला जे दिसतं ते आपल्याला दिसतं. मी रिमोटच्या दोन काड्या धरल्या आणि जमीन खाली गेली. वाळलेलं गवत, एक तळं, दगडावर बसलेला माणूस, त्याच्या शेजारी पदर खोचून उभी असलेली बाई. ती बाई मी होते. मला रडू फुटलं. गॉगलच्या आत पाणी साचलं.

"रड की," मालक म्हणाले. "पन काडी सोडू नकोस."

नंतर त्यांनी मोबाइलवर नकाशा सरकवत सरकवत माझ्या गावापर्यंत नेला. सगळं हिरवं. कयाधूच्या काठापासून सगळं हिरवंगार. "बघ. तुज्या गावाचं आभाळ मोकळं पडलंय. आन तू हितं लालखाली येऊन बसलीस." हे ते गमतीत म्हणाले होते. मी बरेच दिवस तो हिरवा रंग डोक्यातून काढू शकले नाही.

त्याच माळावर एकदा गावकऱ्यांनी आम्हाला घेरलं. तेव्हा त्या बाजूला अफवा उठली होती की चोर ड्रोन उडवून घरं हेरतात. दहा-बारा जण, हातात काठ्या. एकाने डबा हिसकावला. "हेच ते! बाई संगं घेऊन फिरत्यात, संशय नको म्हनून." मालक माझ्यापुढे उभे राहिले. केवढासा माणूस, कमरेत वाकलेला.

"डबा ठेव खाली," ते म्हणाले. "ही माजी लेक हाय. तिच्या हातचं हाय ते. पंखा तुटला तर तुज्याकडनं बनवून घीन."

त्यांच्या त्या आवाजाला काय होतं कोण जाणे, त्याने डबा ठेवला. शेवटी त्याच लोकांनी आम्हाला चहा पाजला, आणि मालकांनी त्यांना त्यांच्याच विहिरी वरून दाखवल्या. परत येताना स्कूटरवर मी त्यांच्या पाठीकडे बघत होते. माझ्या बापाने मला कधी कोणापुढे असं पाठीशी घातलं नव्हतं. हे लिहिते आहे, कारण ते खरं आहे. पुढचंही खरं आहे.

छताची कल्पना त्यांना कशी सुचली, तर एका दुपारी ते शेडमध्ये उताणे पडून पत्र्याकडे बघत होते. एकदम उठून बसले. "हिंगोली! नकाशा आभाळाचा हाय. छताचा न्हाई!" बंद इमारतीच्या आत लाल नाही, पिवळं नाही, परवाना नाही. आणि चाकणला तर आभाळापेक्षा छतंच जास्त. गाड्यांच्या सुट्या भागांची अवाढव्य गोदामं, चार-चार मजली लोखंडी रॅक, आणि वरच्या खोक्यांवरचे नंबर वाचायला माणसं पाळण्यात बसवून वर चढवावी लागतात. ते काम ड्रोनने करायचं. कॅमेऱ्याने खोक्यावरची पट्टी वाचायची आणि मोजणी खाली संगणकावर. मोठ्या कंपन्या असले ड्रोन विकत होत्या, मालकांनी व्हिडिओ बघितले होते. "आपन मोडक्यातनं करू," ते म्हणाले.

केला. त्या दिवसांत ते सकाळी "लाल!" असं ओरडायचे तेही हसत, जणू लालला वाकुल्या दाखवतायत. एका गोदामाचा मॅनेजर ओळखीचा निघाला. सुट्टीच्या दिवशी त्याने आम्हाला चाचणीला आत घेतलं. दाव्यासकट ड्रोन उठवला, तर तो वेड्यासारखा एका अंगाला जायला लागला. दोघांनी बसून शोधलं. एवढ्या लोखंडात होकायंत्र भ्रमिष्ट होतं. मालकांनीच ते बंद केलं. खाली बघणाऱ्या कॅमेऱ्यावर ड्रोन सोडला, आणि तो रॅकच्या गल्लीतून सरळ रेषेत गेला. मालकांनी माझ्या पाठीत थाप मारली. "लोखंडात फेरा न्हाई. ध्यानात ठेव. लोखंडात होकायंत्र बंद."

त्या दिवशी मॅनेजर माझ्याशी बोलला. ड्रोन घेतला तर तो चालवायला रोजचं माणूस लागेल. "ताई, तुम्ही याल का? कायम. कॉन्ट्रॅक्ट नाही, ब्रेक नाही."

मी मागे सरकले. "साहेब, माझं शिक्षण आठवी हाय."

"आत परवाना लागत नाही म्हणतात ना तुमचे मालक. मग मला काय करायचंय दहावी? पुढच्या आठवड्यात आमचे मोठे साहेब येतायत. त्यांना एकदा नीट उडवून दाखवा, बस."

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्यालाही त्याच महिन्यात ब्रेक मिळालेला. आम्ही दोघं गावाला परत जायच्या गोष्टी करत होतो. म्हणजे तो करत होता, मी ऐकत होते. त्या दिवशी त्याने बॅगा पुन्हा माळ्यावर टाकल्या. उगीच टाकल्या, पण टाकल्या.

मोठे साहेब आले त्या सकाळी मालकांनी टूलरूमचा जुना निळा शर्ट घातला होता, इस्त्री करून. गोदामात पंधरा-वीस माणसं गोळा झालेली. मी ड्रोन तपासला, होकायंत्र बंद, पंखे शेवटी लावले, दावं बांधलं. साहेबांच्या बरोबरचा एक जण हसला. "अरे, हे बांधून का ठेवलंय? चावतं का?" सगळे हसले. मालकही हसले. आणि मी बघत असताना त्यांनी वाकून दावं सोडलं.

ते एक वेळ चाललं असतं. पण मग त्यांनी ड्रोन उचलला, रिमोटवर बोट फिरवलं, आणि होकायंत्र चालू केलं. डोळे मिटले. ड्रोन छातीशी घेतला.

मी जवळ जाऊन हळूच म्हणाले, "मालक, लोखंडात फेरा नाही. तुम्हीच म्हणाले होते."

"गप," ते डोळे न उघडता म्हणाले. "फेऱ्याबिगर माजं कायबी उडालेलं न्हाई."

आणि फेरा घेतला. सावकाश. ओठ हलवत. सगळे कौतुकाने बघत होते, कोणीतरी मोबाइलवर काढतही होतं. मग ड्रोन खाली ठेवला, रिमोट माझ्याकडे दिला नाही, स्वतः धरला, आणि सोडला.

तो डोक्याच्या वर गेला, क्षणभर थबकला, आणि आडवा सुटला. मालक काडी ओढत होते, तो ऐकत नव्हता. छताखालून आग विझवायच्या पाण्याचे नळ गेलेले असतात, त्यांना ठिकठिकाणी काचेची छोटी बोंडं असतात. तापली की फुटतात आणि पाणी सुटतं. आमच्या ड्रोनने ते न तापताच फोडलं. वर्षानुवर्षं नळात साचलेलं काळंकुट्ट, घाण पाणी खोक्यांवर, साहेबांवर, मालकांच्या इस्त्रीच्या शर्टावर कोसळायला लागलं. माणसं ओरडत पळत होती. पाणी बंद करायची चावी कुठे आहे हेच कोणाला लवकर सापडेना.

पाणी थांबलं तेव्हा मोठे साहेब रुमालाने तोंड पुसत म्हणाले, "हे कुणाचं काम?"

मालक निथळत उभे होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. म्हणाले, "साहेब, आठवी शिकलेली बाई हाय. मी सांगितलं एक, तिनं सेटिंग केलं दुसरं. चूक माजीच. दया आली म्हनून हाताशी धरली."

मॅनेजर माझ्याकडे वळला. "ताई?"

त्याने विचारलं होतं. खरंच विचारलं होतं. मी तोंड उघडलं असतं तर तो ऐकणार होता. पण मला समोर तो माळ दिसत होता, काठ्या घेतलेली माणसं आणि माझ्यापुढे उभी असलेली वाकडी पाठ. ही माजी लेक हाय. त्या माणसाला मी वीस माणसांत खोटं कसं पाडायचं? ओल्या फरशीकडे बघत मी होकाराची मान हलवली. मॅनेजरने पुन्हा विचारलं नाही.

मी आणि मालक टेम्पोने परत निघालो. मोशीला ते उतरले आणि माझ्यासाठी गरम भजी घेऊन आले. पुडा माझ्या मांडीवर ठेवला. "खा. गार हुत्यात." मी खाल्ली. सगळी खाल्ली.

त्यानंतर ते माझ्याशी इतके चांगले वागले की काय सांगू. चुकलं तरी काही डब्यात टाकेनात. माझ्या नवऱ्यासाठी दोन ठिकाणी शब्द टाकला, एका ठिकाणी तो लागलाही. गावाला जायचं टळलं. पण गोदामाची गोष्ट गल्लीत ते स्वतः सांगायचे, आणि प्रत्येक वेळी माझ्या हातून चुकलेलं सेटिंग थोडं मोठं व्हायचं. शेवटी शेवटी तर दावंही मीच सोडलं होतं. ते खोटं बोलत होते असं मला वाटत नाही. सांगून सांगून त्यांना तसंच आठवायला लागलं होतं. नळावर बीडवाली मला म्हणाली, "तरी ठेवलं बाई तुला. दुसरा असता तर त्याच दिवशी हाकललं असतं. देवमाणूस आहे."

"हो ना," मी म्हणायची. "देवमाणूसच."

आता ते साताऱ्याला मुलीकडे असतात. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, रंग एकमेकांत मिसळायला लागले. कासारवाडीचं घर पाडून तिथे इमारत होतेय. मी पुन्हा हार्नेसमध्ये, चाकणच्या दुसऱ्या एका कंपनीत. पुन्हा कॉन्ट्रॅक्ट. सकाळी बसच्या रांगेत उभी असले की फोन वाजायचा. "हिंगोली, आज काय रंग?" मी मोबाइलवर आमच्या जुन्या गल्लीचा नकाशा उघडायची, बघायची, आणि सांगायची, "लाल, मालक." "बरं," ते म्हणायचे आणि ठेवायचे. एवढंच. न बघताही सांगता आलं असतं, पण मी रोज बघायची. त्यांच्यासाठी एवढं तरी.

मध्ये मला तो गोदामाचा मॅनेजर बसथांब्यावर भेटला. त्याने ओळखलं, थांबला. त्यांनी पुढे एका बाहेरच्या कंपनीचा ड्रोन घेतला. सुरुवातीला चालवायला एक मुलगी ठेवली होती, ती बरेच महिने होती. आता नवा आलाय. तो डब्यात राहतो, वेळ झाली की आपला आपण बाहेर येतो, रॅक मोजतो, आपला आपण डब्यात जाऊन चार्जिंगला बसतो. माणूस लागत नाही. "त्या मुलीला आम्ही स्टोअरमध्ये घेतलं," तो म्हणाला. "कायम होती ना ती." मग म्हणाला, "तुम्ही त्या दिवशी काही बोललाच नाहीत, ताई."

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला तेव्हा मी मालकांना हे सांगितलं. त्या मुलीचंही, स्टोअरचंही सांगितलं. का सांगितलं? मला काहीतरी ऐकायचं होतं. एवढी वर्षं मी तेच ऐकायला थांबले होते, हे मला तोपर्यंत नीट कळलं नव्हतं. एकच वाक्य. चुकलं माझं, एवढंसं.

पलीकडून एक मोठा सुस्कारा ऐकू आला. ओझं खाली ठेवल्यावर माणूस सोडतो तसा.

"म्हंजी आता तितं मानूस लागतच न्हाई," ते म्हणाले. "बघ. तुजी नोकरी तशी बी गेलीच असती. माज्या बोलन्यानं तुजं काय गेलं न्हाई."

रांग पुढे सरकली. मागच्या बाईने मला ढोसलं, "चला की."

"मालक," मी म्हणाले, "ती कायम होती."

त्यांना ऐकू गेलं की नाही माहीत नाही. आवाज एकदम हलका, मोकळा झाला होता. "बरं, ते ऱ्हाऊ दे. आज काय रंग?"

नकाशा माझ्या हातात उघडाच होता. मी त्याच्याकडे बघितलं.

"तुम्हीच बघा," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्यांचा फोन आलेला नाही. त्यांच्या मुलीला विचारलं तर ती म्हणाली, बरे आहेत, आता सोसायटीच्या वॉचमनकडून रोज रंग बघून घेतात. त्याला ते नांदेड म्हणतात.

बसच्या रांगेत माझा अंगठा अजून नकाशावर जातो. लालच असतो.